थर्सबी अडखळला तेव्हा

हसू आधी रॉनीच्या खुर्चीकडून आलं, मग खोलीभर झालं, आणि बेव्हर्ली ऑल्डरॉइडच्या अंगातून एकदम ऊब फिरली, ब्रँडीचा पहिला घोट उतरावा तशी. अनोळखी माणसं आपल्या एका वाक्यावर हसतायत, कॅमेरा आपल्याकडे वळलाय, ती टीव्हीवाली पोरगी तोंडावर कागद धरून हसतेय. सासष्ट वर्षांच्या आयुष्यात हे आज पहिल्यांदा घडत होतं. तिने नकळत केस कानामागे सारले, म्हणजे आणखी काही विचारलं तर आपण तयार आहोत, असं. कोणी विचारलं नाही. कॅमेरा पुढच्या माणसाकडे गेला. ऊब मात्र तशीच राहिली, आणि त्या उबेतच कुठेतरी एक बारीकसं काहीतरी टोचायला लागलं, ब्लाउजात राहिलेल्या टाचणीसारखं. काय टोचतंय ते तिला लगेच कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं, असंही म्हणता येईल.

लीड्समधल्या त्या पबच्या माडीवर टीव्हीवाल्यांनी डझनभर माणसं जमवली होती, कोणाला मत द्यायचं ते अजून न ठरलेली. निवडणूक आठवड्यावर आलेली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पक्षनेत्यांचा जाहीर वाद चाललेला, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक छोटी डबी, तिला एक खुंटी. बोलणं आवडलं की खुंटी उजवीकडे फिरवायची, नाही आवडलं की डावीकडे. बस, एवढंच काम. पंतप्रधान डेव्हनपोर्टबाई बोलत होत्या तेव्हा बेव्हर्लीने खुंटी मध्येच ठेवली होती. बाई चुरुचुरु बोलते, पण काय बोलली ते आठवत नाही. विरोधी पक्षाचा थर्सबी तिला खरं तर बरा वाटत होता. आधी शाळामास्तर होता म्हणे. त्याचा कोट खांद्यावर नीट बसत नव्हता, आणि कोट नीट न बसणारी माणसं तिला आवडत. मग म्हाताऱ्यांच्या देखभालीचा प्रश्न आला. थर्सबी म्हणाला, "आपल्या आईवडिलांना जे हवंय ते म्हणजे..." आणि थांबला. शब्द गेला त्याचा. तोंड उघडं, डोळे वर छताकडे, हात हवेत काहीतरी चाचपतोय. डेव्हनपोर्टबाई मान किंचित कलती करून त्याच्याकडे बघत राहिल्या, फार दयाळूपणे. माडीवर सगळ्यांच्या खुंट्या करकर डावीकडे फिरल्या. बेव्हर्लीचीही फिरली. तिने फिरवली.

वाद संपल्यावर त्या पोरीने एकेकाला विचारलं. रॉनी, निवृत्त प्लंबर, पोट सुटलेला, पहिल्यापासून जोरात. "अहो, तो शब्द शोधायला गेला तो अजून परत यायचाय," तो म्हणाला. "ह्याच्या हातात देश द्यायचा? मी ह्याच्या हातात पाना नाही देणार." इम्तियाझ नावाचा टॅक्सीवाला त्याला तोडून म्हणाला, "काका, शब्द विसरला म्हणजे अक्कल गेली असं थोडंच असतं? बाईंनी एकही शब्द चुकवला नाही आणि एकही गोष्ट सांगितली नाही, त्याचं काय?" "हा बघा, मास्तरांचा वकील!" रॉनी म्हणाला. थोडी हसाहस झाली. मग पोरगी बेव्हर्लीकडे वळली, "आणि तुम्ही, बेव्हर्ली? तुम्ही तर जोरात फिरवलीत खुंटी." आणि बेव्हर्ली म्हणाली, "असला एक घरी आहे माझ्याकडे. त्याची वाक्यं पुरी करता करता माझा जीव जातो. आता ह्याची देशाने पुरी करायची का?"

जिना उतरताना इम्तियाझ तिच्या बाजूला आला. त्याने कडक इस्त्री केलेला शर्ट घातला होता, टीव्हीसाठी. "ताई," तो हळूच म्हणाला, "घरी कोणाला बरं नाही का?" ह्या शहरात असं कोणी विचारत नाही. 'कसं काय?' म्हणतात आणि 'चाललंय' एवढं ऐकतात, आणि दोघंही सुटतात. नोव्हेंबरपासून बेव्हर्लीने सगळ्यांना 'चाललंय' सांगितलं होतं. शेजारच्या मिसेस प्रॉक्टरला, चर्चमध्ये, डॉक्टरच्या खोलीतसुद्धा. रडगाणं लावायचं नाही, ही इथली रीतच. सांगायचं तर गंमत करून सांगायचं; लोक हसले की सांगून झालं असं समजायचं. म्हणून ती आत्ता इम्तियाझला म्हणाली, "छे हो! नवरेमंडळी म्हणजे सगळी तशीच. गंमत केली." तो "बरं" म्हणाला. त्याने विश्वास ठेवला नाही हे दिसत होतं, आणि तरी त्याने दार तिच्यासाठी धरून ठेवलं.

ती बसमध्ये बसली तेव्हा बाहेर अजून उजेड होता, आणि त्या उजेडात टाचणी नीट दिसली. दुपारी निघताना तिने स्वतः टीव्ही लावून दिला होता मेल्विनला. चॅनेल लावून, रिमोट त्याच्या डाव्या हाताशी ठेवून, गुडघ्यांवर शाल घालून. "हे बघ, मध्येच बदलू नकोस हं, मी दिसणार आहे," असं बजावून. तेव्हा तो हसला होता, एका बाजूने, कारण दुसरी बाजू आता हसत नाही. ह्या मेल्विनचा आवाज एकेकाळी मंडईतून बसस्टॉपपर्यंत ऐकू यायचा. फळांचा गाळा होता त्याचा. "या, राणीसाहेब, ह्या प्लमांनी तुमचं काय वाईट केलंय? नुसत्या बघून निघाल्या?" हे त्याचं तिच्याशी पहिलं वाक्य. ती तेव्हा बुटांच्या दुकानात कामाला होती, आणि प्लम तिला आवडतही नव्हते. दोन पिशव्या घेऊन घरी गेली. त्याच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. गिऱ्हाईक, इन्स्पेक्टर, बेव्हर्लीचा बाप, सगळ्यांना तो बोलण्यात गुंडाळायचा. रात्री जेवताना दिवसभराच्या नकला करून दाखवायचा, आणि तिने काही सांगायला सुरुवात केली की तिचं वाक्य तिच्या तोंडातून काढून घेऊन तोच छान करून सांगायचा. मुलगी जॉसलिन टेबलावर हात आपटून हसायची. बेव्हर्लीही हसायची. पण अर्धं वाक्य घशात राहून जायचं, त्याचं काय व्हायचं? ते कुठे जायचं?

आणि नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला. सकाळी अंड्यावर घालायला मीठ मागायचं होतं त्याला, आणि मीठ म्हणता येईना. "ते... ते पांढरं..." "मीठ," ती म्हणाली. तिथून सुरू झालं. मीठ, चष्मा, जॉसलिन, मंगळवार. टेबलावरून चमचा सरकवावा तसा ती शब्द सरकवायची आणि तो घ्यायचा. सुरुवातीला प्रेमाने, खरंच प्रेमाने. तो हॉस्पिटलातून आला त्या आठवड्यात त्याला 'खिडकी' सापडली नाही म्हणून तो रडला होता, आणि तिने त्याचं डोकं पोटाशी धरून खिडकी, खिडकी, खिडकी असं म्हटलं होतं. पण मग? मग ती घाई करायला लागली होती. तो तोंड उघडायचा आणि तिचा शब्द तयार. कधी कधी तो शब्द त्याचा नसायचाच. त्याला बागेत जायचं असायचं, ती म्हणायची "झोपायचंय ना?" आणि तो दमून मान हलवायचा. हे तिला माहीत होतं. आता बसमध्ये बसल्यावर माहीत होतं असं नाही, तेव्हाही होतं. बसच्या काचेला कपाळ टेकून तिने स्वतःला विचारलं, मघाशी बोलताना तुला ते वाक्य कुठून सुचलं, बये? सुचलं कुठून? घशातच होतं ते, कितीतरी वर्षं. सगळी खोली हसली तेव्हा वाटलं ना, की जिंकले एकदाची? त्याच्याकडून जिंकले? आणि जिंकले कधी, तर तो बोलूच शकत नाही तेव्हा. शी. तिच्या पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून पाहिलं, म्हणजे ती ते मोठ्याने बोलली असणार.

मेल्विन खुर्चीत होता. टीव्ही बंद. शाल नीट गुडघ्यांवर. "पाहिलंस?" तिने कोट न काढताच विचारलं. त्याने होकाराची मान हलवली. क्षणभर तिला वाटलं, पहिल्या भागानंतर डोळा लागला असेल, लागतो त्याचा. मग तो बोलायला लागला. "तू... चां..." ती थांबली. खरंच थांबली ह्या वेळी, कारण पुढे काय येतंय ह्याची तिला भीती वाटत होती. "चांगली... दिस... दिसलीस." आणि डाव्या हाताचा अंगठा वर केला. तिला वाटलं होतं तो रागावेल, पाठ फिरवेल, शाल फेकेल, काहीही. "केस नीट बसले नव्हते," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. माफी मागायची होती. पण मागायची म्हणजे ते वाक्य पुन्हा घरात आणायचं, दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवायचं. जाऊ दे, तो विसरेल, असंही एक मन म्हणालं. हल्ली किती विसरतो. त्या मनाची तिला इतकी किळस आली की तिने बीन्सचा डबा उघडून तसाच ठेवून दिला आणि दोघांनी नुसता टोस्ट खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जॉसलिनचा ब्रिस्टलहून फोन. "आई, तू गाजतेयस! माझ्या ऑफिसात सगळ्यांच्या फोनवर तूच. 'देशाने पुरी करायची का?' अगं, माझा साहेब विचारत होता, ही तुझीच आई का म्हणून!" ती हसत होती. मग हसणं थांबलं. "बाबांनी नाही ना पाहिलं?" बेव्हर्लीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आई?" "पाहिलं." "काय म्हणाले?" "चांगली दिसलीस म्हणाले." "अरे देवा," पोरगी म्हणाली, "आई गं." एवढंच म्हणाली. बापावर गेली होती ती, शब्दांची कधी तूट नव्हती तिला.

आणि मग लोक. खाटकाने सॉसेज बांधताना डोळा मारला, "काय मिसेस ऑल्डरॉइड, वाक्य पुरं करू का, अर्धा किलो ना?" औषधांच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "तुम्ही जे बोललात ना, अगदी माझ्या मनातलं! हा थर्सबी म्हणजे वेंधळा आहे नुसता." मेल्विन शेजारीच उभा, काठी टेकून. त्या मुलीला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? कोणाला सांगितलं होतं बेव्हर्लीने? 'चाललंय,' एवढंच तर सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्या पोरीला तरी काय बोल लावायचा. बेव्हर्ली ओशाळं हसली, आणि मेल्विन त्या मुलीकडे बघून सभ्यपणे हसला, अर्ध्या तोंडाने. मंडईवाल्याचं गिऱ्हाइकाशी हसणं, ते गेलेलं नव्हतं.

बदललं ते एवढंच, की तो शब्द घेईना. आधी तिच्या लक्षातच आलं नाही. शनिवारी तो म्हणाला, "मला... ते..." ती म्हणाली, "चष्मा?" आणि त्याने ऐकलंच नाही असं केलं. शोधत राहिला. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली, चष्मा समोर टेबलावर होता, तिला दिसत होता, तिने उचलून पुढे केला, आणि त्याने तिच्या हातातून घेतला नाही. टेबलावर ठेव अशी बोटाने खूण केली. ठेवल्यावर उचलला. पुढे पुढे तो तिच्याशी बोलायचंच कमी करायला लागला. रागाने नाही. राग असता तर तिने भांडण काढलं असतं, चाळीस वर्षं भांडतच तर आले. तो नुसता आवरतं घेत होता, दुकान बंद करताना उरलेली फळं आत घेतात तसं. रविवारी मिसेस प्रॉक्टर कुंपणापलीकडून हवापाण्याचं बोलली तेव्हा तो तिच्याशी बोलला. अडखळत, थांबत, चांगली दोन वाक्यं. मिसेस प्रॉक्टर वाट बघत उभी राहिली, हातात कात्री धरून. बेव्हर्ली आत पडद्यामागे होती. तिला अक्षरशः मत्सर वाटला त्या म्हातारीचा, आणि मग त्या मत्सराचीही लाज.

मतदान गुरुवारी, गल्लीच्या टोकाच्या चर्चच्या हॉलमध्ये. टपालाने मत पाठव असं तिने मागेच सुचवलं होतं, त्याने मान हलवून नकार दिला होता. मत द्यायचं तर चालत जाऊन, असं त्याचं पहिल्यापासूनचं. ती त्याच्या उजव्या बाजूने चालली. कोणाला देणार ते दोघांनी एकमेकांना कधी सांगितलेलं नव्हतं. मेल्विनचा बाप म्हणायचा, मत ही अंघोळीसारखी गोष्ट आहे, ज्याची त्याने दार लावून करायची, आणि मेल्विनने जन्मभर एवढी एकच गोष्ट पोटात ठेवली होती. कुंपणाला दोन कुत्री बांधलेली. आत टेबलामागे एक राखाडी केसांची केंद्राधिकारी बाई आणि तिचा मदतनीस. अक्षरं आता मेल्विनच्या डोळ्यांपुढे पोहतात, उजवा हात तर गेलाच. बाईने एका नजरेत ओळखलं. "मिस्टर ऑल्डरॉइड, सोबतीच्या माणसाने तुमच्या वतीने खूण केली तर चालतं. मिसेस ऑल्डरॉइड, तुम्ही करणार ना?" "हो, हो," बेव्हर्ली म्हणाली, आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीकडे तिने हातसुद्धा नेला.

"नको," मेल्विन म्हणाला.

स्पष्ट. न शोधता. इतका स्पष्ट की मदतनीसाने मान वर केली. बाईने हातातली यादी खाली ठेवली. "मग मी करू शकते," ती म्हणाली, "पण नाव तुम्हाला मला सांगावं लागेल. सावकाश सांगा." त्याने मान डोलावली. बाईने बेव्हर्लीकडे पाहिलं, अगदी साध्या नजरेने, हे रोजचंच असावं तशा. "तुम्ही जरा बाहेर थांबाल का? गुप्ततेसाठी. तुमची मतपत्रिका मग देते." बेव्हर्लीचा हात अजून पेन्सिलीजवळ होता. तो तिने परत घेतला. दारापर्यंत जाताना आपली पाठ सगळ्या हॉलला दिसतेय असं तिला वाटलं, हॉलमध्ये तीनच माणसं होती तरी.

बाहेर रांग लागलेली. उकाड्यामुळे हॉलची खिडकी उघडी होती. तिच्यातून शब्द कळत नव्हते, पण आवाज कळत होता. ढेकळासारखा एक आवाज, मग थांबणं. पुन्हा तोच. पुन्हा थांबणं. कोणत्याही नावाची सुरुवात असू शकेल ती. तिच्या जिभेवर सगळ्या उमेदवारांची नावं आली, एकामागून एक, तिने दातांखाली दाबून धरली. "आत काय संसार मांडलाय का कोणी?" रांगेतून एक जण म्हणाला, पायात रंगाचे डाग पडलेले बूट, टोपी मागे सारलेली. मग त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. "अरे! तुम्ही त्या! अहो, ह्या त्या टीव्हीवरच्या!" रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या, ओळखीचं हसली. "म्हणा ना एकदा," तो म्हणाला, "तुमच्या तोंडून ऐकू दे. असला एक घरी आहे माझ्याकडे..." खिडकीतून ते ढेकूळ पुन्हा आलं आणि थांबलं. तो माणूस खिडकीकडे बोट करून हसला, "हा बघा, थर्सबी आतच आहे वाटतं!"

"माझा नवरा आहे आत," बेव्हर्ली म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी ज्याच्याबद्दल बोलले तो तोच. त्याला नोव्हेंबरात झटका येऊन गेलाय. तो नाव सांगतोय. त्याला वेळ लागतो." आणखी काहीतरी म्हणायचं होतं, की फळांचा गाळा होता त्याचा, की तुम्हा सगळ्यांना त्याने बोलण्यात उभं विकलं असतं. पण ते म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे तिला कळेना. रंगाऱ्याने टोपी काढली. "माफ करा, बाई," तो म्हणाला. "खरंच माहीत नव्हतं." "माफी तुम्ही कशाला मागताय," ती म्हणाली.

मग मेल्विन दारात आला. घामाने कपाळ ओलं, काठी डाव्या हातात, आणि चेहऱ्यावर दमलेला, सुटलेला भाव, गाडीतला सगळा माल उतरवून झाल्यावर असायचा तो. खिडकी उघडी होती. त्याने ऐकलं होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. तो पायरीवर उभा राहिला, गप्प रांगेकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तुझं..." तो म्हणाला. आणि अडला. सगळी रांग बघत होती. नाव, तोंड, डोकं, चुकलं. तिच्या तोंडात एकदम किती शब्द आले. तिने ओठ मिटून घेतले. त्याचा जबडा हलत राहिला. रस्त्यावरून एक बस गेली. कुत्र्यांपैकी एक उगाच भुंकलं आणि गप्प बसलं. "तुझं... राह... राहिलंय." त्याने हनुवटीने हॉलच्या दाराकडे खूण केली. "मत. जा. मी... मी थांबतो."

रांगेने बाजूला होऊन तिला वाट दिली, तिचा नंबर नसताना. ती आत गेली. केंद्राधिकारी बाईने मतपत्रिका पुढे केली, मग तिच्या तोंडाकडे नीट पाहून मदतनीसाला म्हणाली, "अरे, आधी ह्यांना पाणी दे."